हार्डी-राइट आधी नको: संख्याशास्त्र जुन्या पुस्तकांतून शिकायचा एक क्रम

संख्याशास्त्र (म्हणजे इथे नंबर थिअरी, स्टॅटिस्टिक्स नव्हे) शिकायचंय, कुठलं पुस्तक घेऊ, असं कुठल्याही गणितवाल्याला विचारलं की पहिलं नाव हार्डी आणि राइटचं येतं. ऑक्सफर्डने १९३८ साली काढलेलं हे पुस्तक आजही छापलं जातं. २००८ च्या सहाव्या आवृत्तीला तर अँड्र्यू वाइल्स यांचं प्राक्कथन आहे. नवखा माणूस ते मोठ्या हौसेने घेतो. पहिली दोन प्रकरणं मूळ संख्यांवर आहेत, ती मजेत जातात. तिसऱ्यात फॅरे मालिका आणि मिन्कोव्स्कीचं प्रमेय येतं, चौथ्यात अपरिमेय संख्या, आणि तिथून पुस्तक सरळ कपाटात जातं. ज्याच्यावाचून या विषयात एक पाऊल टाकता येत नाही ते काँग्रुअन्स, म्हणजे भागाकारातल्या बाक्यांचं गणित, पाचव्या प्रकरणात सुरू होतं, तोवर वाचक उरलेलाच नसतो.

यात पुस्तकाची चूक नाही. हा शिस्तशीर ग्रंथ नाही, विषयाच्या अनेक बाजूंच्या ओळखींची मालिका आहे, असं लेखकांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलंय. त्यात सरावाला एकही उदाहरण दिलेलं नाही. ज्याचा हात आधीच बसलाय त्याच्यासाठी ते लिहिलंय. हात बसवायला दुसरं पुस्तक लागतं.

माझा क्रम असा. भरपूर उदाहरणं असलेलं एक पुस्तक मुख्य धरायचं आणि ते सोडायचं नाही. हार्डी-राइट दुसऱ्या फेरीला. युक्लिड, भास्कराचार्य, गाउस यांची निवडक पानं अधूनमधून, मूळ माणसाने ती गोष्ट कशी पाहिली हे कळण्यासाठी. आणि या सगळ्यात एक नियम पाळायचा: प्रमेय वाचण्याआधी त्यातले आकडे स्वतःच्या हाताने करून बघायचे. क्रम थोडा बदलला तरी चालेल, हा नियम मात्र बदलू नका.

आधी काय यायला हवं

बारावीचं बीजगणित पुरे. पहिले कित्येक महिने कॅल्क्युलस लागत नाही, त्यामुळे शाळेतली चुणचुणीत मुलंही हे करू शकतात आणि निवृत्त झालेले इंजिनिअरही. लागते ती सिद्धता लिहायची सवय. इंडक्शन आणि 'उलट गृहीत धरून विसंगती दाखवणे' या दोन पद्धती सहज यायला हव्यात.

स्वतःची एक छोटी परीक्षा घ्या. कोणत्याही पूर्णांक न साठी, न च्या घनातून न वजा केला की उत्तराला ६ ने भाग जातो, हे सिद्ध करा. एकदा इंडक्शनने करा आणि एकदा लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार म्हणून. दोन्ही सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहिता आल्या तर लगेच सुरुवात करा. नुसत्या बाणांनी आणि चिन्हांनीच काम भागवत असाल तर आधी आठवडाभर वाक्यं लिहायचा सराव करा. संख्याशास्त्रातलं गणित सोपं असतं. त्यातलं 'म्हणून' अवघड असतं.

मुख्य पुस्तक निवडताना

तीन नावं डोळ्यांसमोर ठेवा.

डेव्हिड बर्टन यांचं पुस्तक पहिल्यांदा १९७६ साली आलं. त्याची भारतीय आवृत्ती सहज मिळते, आणि आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ते लावलेलं असतं. भाषा सोपी, पावलं लहान, प्रत्येक प्रकरणात इतिहासाची थोडी माहिती आणि काही उदाहरणांची उत्तरं मागे दिलेली. एकट्याने शिकणाऱ्याला हे सोयीचं पडतं. खोट काढायचीच तर, कधीकधी ते वाचकाला जरा जास्तच सांभाळून घेतं.

निव्हन आणि झुकरमन यांचं पुस्तक १९६० चं. १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत तिसरे लेखक म्हणून माँटगोमेरी आले. या पुस्तकाचं खरं धन म्हणजे त्यातली उदाहरणं. एकेका विभागाखाली सोप्यापासून घाम काढणाऱ्यांपर्यंत रांग लागलेली असते. ऑलिम्पियाडची तयारी करणारी मुलं याच्यावर तुटून पडतात ते उगाच नाही. पण मजकूर आटोपशीर आहे. एक ओळ समजायला अर्धा तास गेला तर घाबरू नका.

तिसरं हॅरॉल्ड डॅव्हनपोर्ट यांचं 'द हायर अरिथमेटिक', १९५२ चं. छोटंसं, जवळजवळ गप्पांच्या ओघात लिहिलेलं. हे मुख्य पुस्तक म्हणून पुरणार नाही, पण मुख्य पुस्तकातल्या एखाद्या प्रकरणाचं झाडांमुळे जंगल दिसेनासं झालं, की डॅव्हनपोर्टचं तेच प्रकरण संध्याकाळी बसून वाचावं.

मला विचाराल तर: गणिताची सवय सुटली असेल तर बर्टन, सवय ताजी असेल तर निव्हन, आणि दोन्ही वेळा बाजूला डॅव्हनपोर्ट. एकाच वेळी बर्टन आणि निव्हन दोन्ही मुख्य धरू नका. दोघांची चिन्हं आणि क्रम वेगळे आहेत. आठवड्याभरात कुठल्या पुस्तकात काय सिद्ध झालंय याचा पत्ता लागत नाही.

पुस्तकं नवीच हवीत असं नाही. संख्याशास्त्राची पहिली शंभर पानं शंभर वर्षांत फारशी बदललेली नाहीत, त्यामुळे अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मिळालेली जुनी आवृत्तीही तितकीच कामाची.

दोन वह्या करा

एक कच्ची, एक पक्की. कच्च्या वहीत आकडेमोड, फसलेले प्रयत्न, तक्ते. पक्क्या वहीत फक्त पुस्तक मिटून लिहिलेल्या सिद्धता. पुस्तक उघडं ठेवून उतरवलेली सिद्धता पक्क्या वहीत जाणार नाही, हे ठरवूनच टाका. रोज एक लिहून झाली तरी खूप. लिहिताना अडलात तर पुस्तकात फक्त अडलेली ओळ बघा, पुन्हा मिटा, पुन्हा पहिल्यापासून लिहा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण वाचताना 'हो, कळलं' वाटणं आणि खरंच कळणं यातलं अंतर याच्याइतकं झटकन दुसरं काही दाखवत नाही.

मसाविपासून सुरुवात, आणि इथे घाई नको

पहिलं प्रकरण विभाज्यतेचं. मसावि काय, तो तर सहावीतच झाला, म्हणून लोक पानं उलटतात आणि पुढे महिनाभराने त्याची किंमत मोजतात. इथली मुख्य गोष्ट मसावि काढणं ही नाही. दोन संख्यांचा मसावि त्या दोन संख्यांच्या पटींची बेरीज-वजाबाकी करून मिळवता येतो, ही आहे. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

हे बघायला भास्कराचार्यांकडे जाऊ. 'लीलावती' साधारण ११५० ची. तिच्या कुट्टक प्रकरणातलं पहिलं उदाहरण असं: २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवले म्हणजे १९५ ने नि:शेष भाग जाईल?

कच्ची वही घ्या. २२१ ला १९५ ने भागा, बाकी २६. १९५ ला २६ ने भागा, भागाकार ७, बाकी १३. २६ ला १३ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे मसावि १३. नशिबाने ६५ लाही १३ ने भाग जातो. जात नसता तर उत्तरच नव्हतं, आणि का नव्हतं हे स्वतःशी बोलून बघा. सगळ्याला १३ ने भागलं की प्रश्न उरतो तो असा: १७ च्या कोणत्या पटीत ५ मिळवले की १५ ची पट होते?

आता उलट्या पावलांनी चला. १७ = १५ + २. १५ = ७ × २ + १. म्हणून १ = १५ − ७ × २, आणि २ च्या जागी १७ − १५ ठेवलं की १ = ८ × १५ − ७ × १७. याला ५ ने गुणा: ५ = ४० × १५ − ३५ × १७. म्हणजे १७ × ३५ + ५ = १५ × ४०. ३५ चालतो. त्यातून १५ दोनदा वजा केले तर ५ उरतो, तोही चालतो. पडताळा घ्या: २२१ × ५ = ११०५, त्यात ६५ मिळवले की ११७०, आणि ११७० म्हणजे १९५ × ६. पुढचं उत्तर २०, मग ३५, मग ५०.

कुट्टक, म्हणजे असे प्रश्न सोडवायची ही रीत, आर्यभटांच्या काळापासून, म्हणजे इसवी सन ४९९ च्या 'आर्यभटीया'पासून आपल्याकडे आहे. लागोपाठ भाग देत देत मसावि काढण्याची रीत युक्लिडच्या सातव्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. दोन्ही बघितलेत की बर्टनमधलं ते प्रमेय, 'अ आणि ब सहमूळ असतील तर अ × क्ष + ब × य = १ असे पूर्णांक क्ष, य सापडतात', कोरडं वाटणार नाही. अशी दहा-बारा उदाहरणं हाताने करा, तीन आकडी संख्या घेऊन. मग सिद्धता वाचा.

यानंतर येतं ते सगळ्यात दुर्लक्षित प्रमेय: प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. 'यात सिद्ध करण्यासारखं काय आहे?' असं तुम्हाला वाटणारच. म्हणून हा खेळ करा. फक्त अशाच संख्या आहेत असं धरा, ज्यांना ४ ने भागल्यावर बाकी १ उरते: १, ५, ९, १३, १७, २१, २५... यातल्या कोणत्याही दोघांचा गुणाकार याच यादीत येतो. या यादीत ९ चे अवयव पडत नाहीत, कारण ३ यादीत नाही. २१ चेही नाही, ४९ चेही नाही. म्हणजे या छोट्या जगात ९, २१, ४९ या 'मूळ' संख्या झाल्या. आता ४४१ घ्या. २१ × २१ = ४४१ आणि ९ × ४९ सुद्धा ४४१. अवयव दोन वेगळ्या प्रकारे पडले!

आता खरा प्रश्न. आपल्या नेहमीच्या संख्यांत असं का होत नाही, आणि त्या यादीत का होतं? गुणाकार तर दोन्हीकडे चालतो. फरक एवढाच की त्या यादीत बेरीज चालत नाही: १ आणि ५ यादीत आहेत, ६ नाही. म्हणजे अवयव एकाच प्रकारे पडतात हे विधान दिसायला निव्वळ गुणाकाराचं असलं तरी त्याच्या सिद्धतेत कुठेतरी बेरीज वापरावीच लागणार. कुठे? प ही मूळ संख्या अब ला भागते आणि अ ला भागत नाही, असं धरा. मग पक्ष + अय = १. याला ब ने गुणलं: पबक्ष + अबय = ब. डावीकडच्या दोन्ही पदांना प ने भाग जातो, म्हणून ब लाही जातो. ती अधिकची खूण बघा. तिथेच बेरीज आली, आणि ती कुट्टकातूनच आली. हा दुवा लक्षात आला की पहिलं प्रकरण झालं असं समजा. नाही आला तर पुढे जाऊ नका.

याच टप्प्यावर मूळ संख्या अनंत असल्याची युक्लिडची सिद्धता वाचा, नवव्या पुस्तकातलं विसावं विधान. शक्य तर 'एलिमेंट्स'च्या हीथ यांच्या इंग्रजी भाषांतरात मुळातूनच वाचा, जेमतेम एक पान आहे. एक सावधानता: पहिल्या काही मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की मूळ संख्याच मिळते, असा समज सर्रास असतो. युक्लिड तसं म्हणत नाही. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१, आणि ते ५९ × ५०९ आहे. युक्लिडचं म्हणणं एवढंच की या नव्या संख्येचा कोणताही मूळ अवयव तुमच्या यादीबाहेरचा असतो. ५९ आणि ५०९ दोन्ही बाहेरचेच.

काँग्रुअन्स: आधी तक्ते, मग प्रमेयं

≡ हे चिन्ह गाउसने १८०१ च्या 'डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके'त सुरुवातीलाच आणलं. १७ ≡ ३ (मॉड ७), म्हणजे १७ आणि ३ मधल्या फरकाला ७ ने भाग जातो. चिन्ह एवढंसं, पण विभाज्यतेचं गणित समीकरणासारखं करता येऊ लागतं.

प्रमेयांना हात लावण्याआधी घातांचे तक्ते करा. मॉड ७ ला ३ चे घात: ३, २, ६, ४, ५, १. मग परत तेच. २ चे घात: २, ४, १, २, ४, १. सगळ्या ओळी सहाव्या घाताला १ वर येतात. हेच मॉड ११ आणि मॉड १३ ला करा. मग मुद्दाम मॉड ८ आणि मॉड १२ ला करा आणि काय बिघडतं ते बघा. फर्माचं छोटं प्रमेय, ऑयलरचं प्रमेय, ऑर्डर, प्रिमिटिव्ह रूट, हे सगळं त्या तक्त्यांत आधीच दिसलेलं असतं. ३ चे घात सगळ्या बाक्या घेऊन आले, २ चे अर्ध्याच. असं का, हा प्रश्न तुम्हाला स्वतःला पडला की प्रिमिटिव्ह रूटचं प्रकरण आपण होऊन वाचावंसं वाटतं.

सिद्धताही अशीच आकड्यांतून वाचायची. विल्सनचं प्रमेय म्हणतं की प मूळ असेल तर १ पासून प − १ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार मॉड प ला −१ असतो. पुस्तकातली 'जोड्या लावण्याची' सिद्धता वाचण्याआधी ११ घ्या. २ × ६ = १२ ≡ १. ३ × ४ तेच. ५ × ९ = ४५ ≡ १. ७ × ८ = ५६ ≡ १. सगळ्यांची लग्नं लागली, उरले १ आणि १०. गुणाकार १०, म्हणजेच −१. एवढं केल्यावर पुस्तकातल्या सिद्धतेत शिकायचं एकच उरतं: १ आणि प − १ सोडून कोणीही स्वतःचीच जोडी का होऊ शकत नाही. तेवढी एक ओळ म्हणजे ती सिद्धता.

काँग्रुअन्सचा हात बसलाय की नाही हे पाहायला एक सुंदर उदाहरण आहे, हार्डी-राइटच्या दुसऱ्या प्रकरणातलं. फर्माला वाटलं होतं की २ चा ३२ वा घात अधिक १ ही मूळ संख्या आहे. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. भागाकार न करता हे असं दिसतं: ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून मॉड ६४१ ला ५ गुणिले २ चा सातवा घात ≡ −१. याचा चौथा घात घ्या: ५ चा चौथा घात गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात ≡ १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ५ चा चौथा घात ≡ −(२ चा चौथा घात). ठेवा आत: −(२ चा ३२ वा घात) ≡ १. झालं. प्रत्येक पायरी कागदावर न बघता सांगता आली की पुढे जायला हरकत नाही.

इथे थोडा कॉम्प्युटरही वापरा. पायथॉन पुरे; पॅरी-जीपी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर याच विषयासाठी बनवलंय. पण एक मर्यादा घाला: हाताने तीन तक्ते झाल्याशिवाय चौथा मशीनवर नाही. जाता जाता, देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ ची करामत अशा वेळी करून बघायला छान आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करत राहा, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ वर येता. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. मात्र हे दशमान पद्धतीच्या अंकांचे गुणधर्म आहेत. ज्या वाटेने आपण चाललोय ती वेगळी. खेळा, पण रमू नका.

क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटी: पहिला डोंगर

एक मूळ संख्या दुसरीच्या मॉडला वर्ग आहे की नाही आणि दुसरी पहिलीच्या मॉडला आहे की नाही, या दोन उत्तरांना जोडणारा हा नियम. बहुतेक पुस्तकांचा मध्य हाच, आणि बहुतेकजण सोडून देतात तेही इथेच. कारण एकच: सिद्धता वाचली जाते, विधान आश्चर्याचं का आहे हे बघितलंच जात नाही.

३, ५, ७, ११, १३, १७, १९ या संख्या आडव्या-उभ्या लिहा. प्रत्येक चौकटीत लिहा की उभी संख्या आडव्या संख्येच्या मॉडला कुणाचा वर्ग आहे की नाही. मॉड ११ ला वर्ग १, ३, ४, ५, ९ एवढेच. म्हणून ५ ला 'हो', ७ ला 'नाही'. मॉड ७ ला वर्ग १, २, ४; आणि ११ ≡ ४, म्हणून 'हो'. ७-११ आणि ११-७ ची उत्तरं उलट आली. ५-११ आणि ११-५ ची सारखी आली. पूर्ण तक्ता भरा आणि कुठल्या जोड्या उलट येतात ते स्वतः ओळखा. सूचना एवढीच देतो: ४ ने भागून बाकी बघा. मॉड ७ च्या जगाला मॉड ११ च्या जगात काय चाललंय याची खबर कशी लागते, हे तक्ता भरल्यावर खरोखर अचंब्याचं वाटतं. ऑयलरला हा नियम दिसला होता, लेजांद्रची सिद्धता अपुरी राहिली, आणि एप्रिल १७९६ मध्ये गाउसने पहिली पूर्ण सिद्धता दिली तेव्हा तो एकोणिसाचाही झाला नव्हता.

पहिल्यांदा वाचायला आयझेनस्टाइनची, जाळीवरचे बिंदू मोजणारी सिद्धता घ्या. बर्टन, निव्हन दोघांकडेही त्याच धर्तीची आहे. ती पक्क्या वहीत उतरायला आठवडा लागला तरी लागू द्या.

आता हार्डी-राइट

इथपर्यंत आलात की हार्डी-राइट उघडा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा हट्ट धरू नका. पहिली दोन, मग पाच, सहा, सात ही प्रकरणं उजळणी म्हणून भरभर वाचा. मग दहावं, कंटिन्यूड फ्रॅक्शनचं. त्याच्याबरोबर क्षवर्ग − न × यवर्ग = १ या समीकरणाची उत्तरं न = २, ३, ५, ७ साठी शोधा. १३ ला ६४९ आणि १८० मिळतात, तिथेच थोडी दमछाक होते. मग ६१ ला बघा. सगळ्यात लहान उत्तर १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०, आणि हे भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त चक्रवाल पद्धतीने काढलेलं आहे, फर्माने हाच प्रश्न युरोपातल्या गणितींसमोर आव्हान म्हणून ठेवण्याच्या पाचशे वर्षं आधी. आंद्रे वेल यांच्या १९८४ च्या संख्याशास्त्राच्या इतिहासात या पद्धतीची चर्चा आहे.

मग विसावं प्रकरण, दोन आणि चार वर्गांच्या बेरजेचं. मग एकोणिसावं, पार्टिशनचं, म्हणजे एखादी संख्या बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते याचं, कारण तिथे रामानुजन भेटतात: ४ चे पार्टिशन ५, ९ चे ३०, १४ चे १३५, सगळ्यांना ५ ने भाग जातो, आणि ५न + ४ अशा प्रत्येक संख्येसाठी जातो. बाविसावं, मूळ संख्यांच्या वाटणीचं, शेवटी. सरावाची उदाहरणं नसल्यामुळे एक युक्ती: प्रमेयाचं विधान वाचा, पुस्तक झाका, अर्धा तास स्वतः प्रयत्न करा. हार्डी-राइटची सगळी प्रमेयं क्रमांकाने ओळीत दिलेली आहेत. तोच तुमचा सरावसंच.

गाउसचं पुस्तक पूर्ण वाचायला जाऊ नका. क्लार्क यांचं इंग्रजी भाषांतर १९६६ चं आहे. सात विभागांपैकी पहिले तीन आता तुम्हाला ओळखीचे वाटतील. कलम १६ नक्की वाचा: अवयव एकाच प्रकारे पडतात याची सिद्धता. चौथ्या विभागातली रेसिप्रॉसिटीची पहिली सिद्धता चाळा, तिच्या आडव्या-तिडव्या केसेस बघूनच आयझेनस्टाइनची किंमत कळते. पाचवा विभाग जवळपास निम्मं पुस्तक खातो. तो सध्या सोडा. सातव्यात सतरा बाजूंच्या बहुभुजाकृतीमागचं गणित आहे, ते नुसतं बघायलाही जावं.

अडलात तर

एका उदाहरणावर किती वेळ? दोन बैठका. पहिल्या बैठकीत लहान आकडे घालून बघा, दुसरी दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने. तरी सुटलं नाही तर खूण करून पुढे जा आणि महिन्याने परत या. इंटरनेटवर जवळजवळ प्रत्येक उदाहरणाचं उत्तर तयार मिळतं. ते पाहिलंत तर ते उदाहरण तुमच्यापुरतं संपलं, एवढं लक्षात ठेवून पाहा. एखादा जोडीदार मिळाला तर फार बरं. एकमेकांची पक्की वही तपासायची, आणि 'हे उघड आहे' असं लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर लाल रेघ मारायची. पुण्यात असाल तर श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात चौकशी करून बघा. गणिताची माणसं तिथे भेटतात.

पुढची वाट

यानंतर रस्ता फुटतो. मूळ संख्या किती दाट आहेत, कशा विखुरल्या आहेत, याची ओढ असेल तर टॉम अपॉस्टल यांचं १९७६ चं अ‍ॅनालिटिक संख्याशास्त्राचं पुस्तक घ्या. पहिल्या चार प्रकरणांना साधा कॅल्क्युलस पुरतो, सातव्यात डिरिक्लेचं प्रमेय येतं, आणि तेराव्यात प्राइम नंबर थिअरमची सिद्धता आहे. तिला कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस यायलाच हवं. समीकरणं आणि त्यांची रचना जास्त आवडत असेल तर आयर्लंड आणि रोझेन यांचं १९८२ चं पुस्तक, पण त्याआधी ग्रुप, रिंग आणि फील्ड एखाद्या बीजगणिताच्या पुस्तकातून करून घ्या. ४ ने भागून १ बाकी उरणाऱ्या संख्यांच्या यादीत अवयव का बिघडले, हा प्रश्न तिथे मोठ्या रूपात परत भेटतो.

झां-पिएर सेर यांचं अंकगणितावरचं पातळ पुस्तक कोणीतरी हातात देईलच. जेमतेम सव्वाशे पानं बघून मोहात पडू नका. एकेका पानाला आठवडा लागेल अशी ती पानं आहेत. अपॉस्टल किंवा आयर्लंड-रोझेन यांपैकी एक निम्मं तरी झाल्यावरच ते उघडा.